जुनेरातून उमलणारा ईस्टर

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या राजवाड्यातील इ. स. १२९० च्या हिशेबात एक नोंद आढळते. ईस्टरनिमित्त साडेचारशे अंड्यांसाठी अठरा पेन्स खर्ची पडले होते. सोन्याचा वर्ख लावून सजविलेली ही अंडी राजपरिवारातील मंडळींना भेट द्यावयाची होती. पुढे १८८५ साली रशियाच्या झारने आपल्या राणीसाठी फाबर्जे या जवाहिऱ्याकडून ईस्टरचे रत्नजडित अंडे घडवून घेतले. राजघराण्यांची ही हौस इतिहासात नोंदली गेली. सामान्य घरांतील सजावट मात्र कोणत्याही खतावणीत सापडावयाची नाही, कारण तिच्यासाठी लागणारे साहित्य घरातच असे : कांद्याची साले, अंगणातली पाने आणि वापरून जीर्ण झालेले कपडे.

ईस्टर हा प्रभू येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. वसंतातील पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी तो साजरा होतो, म्हणून पाश्चात्त्य चर्चच्या गणनेनुसार त्याची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल या कालावधीत बदलत राहते. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्या मात्र उपवास पाळत नसल्याने अंडी साठत जात आणि उपवास सुटताच ती रंगवून एकमेकांना दिली जात. कठीण कवचातून बाहेर येणारा जीव हे पुनरुत्थानाचे प्रतीकही ठरले. मुंबई, वसई, गोवा येथील वाचकांना ईस्टरची मार्झिपॅनची अंडी परिचित आहेत. जुन्या कपड्यांतून साकारणारी सजावट मात्र आपल्याकडे फारशी माहीत नाही.

मोज्यातले पान

पूर्व युरोपातील अनेक घरांत आजही चालणारी ही रीत अगदी सोपी आहे. कच्च्या अंड्यावर एखादे नाजूक पान ओले करून चिकटवितात. पान जागचे हलू नये म्हणून स्त्रियांच्या जुन्या, पातळ नायलॉन मोज्याचा तुकडा त्यावर घट्ट ताणून मागे गाठ मारतात. मग ते अंडे कांद्याच्या सालींसह पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर उकळतात. गार झाल्यावर मोजा सोडला, की तांबूस-तपकिरी अंड्यावर पानाची फिकट आकृती उमटलेली दिसते. आपल्याकडे यासाठी कोथिंबिरीचे पान उत्तम. कांद्याच्या सालीतील नैसर्गिक रंगद्रव्यामुळे ही छटा येते, त्यामुळे स्वच्छ धुतलेला मोजा वापरला असल्यास हे अंडे खाताही येते. मात्र ते दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये. शीतकपाटात ठेवून आठवड्याच्या आत संपवावे.

टायची नक्षी

अमेरिकेत लोकप्रिय झालेली दुसरी पद्धत बँकेत वा कचेरीत आयुष्य वेचलेल्या मंडळींना विशेष भावेल, कारण तिच्यासाठी लागतो जुना रेशमी टाय. टायची मागची शिवण उसवून आतले अस्तर काढून टाकावे. रेशमाची रंगीत बाजू अंड्याला लागेल अशा रीतीने अंडे त्यात गुंडाळावे. त्यावर जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे वेष्टन घालून दोऱ्याने आवळून बांधावे. चार कप पाण्यात पाव कप पांढरे व्हिनेगर घालून त्यात हे गाठोडे वीस मिनिटे उकळावे आणि पूर्ण गार झाल्यावरच सोडावे. टायवरील ठिपके, पट्टे, वेलबुट्टी अंड्यावर उतरलेली दिसते.

यामागचे कारण रंगशास्त्रात आहे. रेशीम हा प्रथिनांचा तंतू असून तो सहसा ज्या रंगांनी रंगवितात, ते आम्लयुक्त गरम पाण्यात प्रथिनांना धरतात. अंड्याच्या कवचावरही प्रथिनांचा पातळ थर असतो, म्हणून रेशमातून सुटलेला रंग तेथे बसतो. पॉलिस्टरच्या टायमधून असा रंग सुटत नाही. शंका असल्यास एक धागा ओढून सांभाळून जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो व राख चुरडते, तर पॉलिस्टर वितळून त्याची कठीण गुठळी होते.

एक सावधगिरी मात्र अटळ आहे. कापडाचे रंग खाण्यासाठी बनविलेले नसतात. त्यामुळे टायने रंगविलेली अंडी केवळ शोभेची मानावीत, मुलांना तसे स्पष्ट सांगावे आणि त्यासाठी वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात आणू नये. अंडी वर्षानुवर्षे टिकवावयाची असल्यास आधीच दोन्ही टोकांना छिद्रे पाडून आतील भाग काढून घ्यावा व कवच धुऊन रंगवावे. पोकळ कवच तरंगते, म्हणून वर एखादी ताटली ठेवावी.

फांदीवर आणि टेबलावर

जर्मनीत अशी पोकळ अंडी झाडावर टांगण्याची प्रथा आहे. साल्फेल्ड गावच्या फोल्कर क्राफ्ट यांनी १९६५ मध्ये आपल्या अंगणातील सफरचंदाच्या झाडावर अठरा अंडी टांगली होती, ती २०१२ पर्यंत दहा हजारांवर गेली. आपल्याला पाण्याच्या बरणीत ठेवलेली एखादी फांदीही पुरेल. तिच्यावर कापडी अंडीही शोभतात. शुद्ध लोकरीचा जुना स्वेटर गरम पाण्यात घोळून धुतला, की तो आटून दाट होतो आणि कापल्यावर त्याचे धागे सहसा सुटत नाहीत. त्याचे दोन लंबगोल तुकडे शिवून आत चिंध्या भरल्या, की न फुटणारे अंडे तयार !

जोडी हरवलेल्या मोज्याचा ससा तर मुलेही करू शकतील. मोज्यात चिंध्या भराव्यात, दोऱ्याने बांधून धड व डोके वेगळे करावे आणि वर उरलेला भाग मधोमध कापून दोन कान करावेत. लहान मुले बटणे तोंडात घालतात, म्हणून ससा त्यांच्या हाती जाणार असल्यास डोळे दोऱ्यानेच भरावेत.

कात्री लावण्यापूर्वी

ज्यांच्या आज्यांनी जुन्या लुगड्या-धोतरांच्या गोधड्या शिवल्या, त्या मराठी घरांना ही काटकसर नवी नाही. गोधडी शिवणारी स्त्री प्रथम कपड्यांची वर्गवारी करीत असे आणि येथेही तेच करावे. अंगावर घालण्याजोगा कपडा गरजवंताला द्यावा. विरलेला, डागाळलेला, उसवलेलाच तेवढा कात्रीखाली घ्यावा.

खरा प्रश्न उभा राहतो तो दिवंगत माणसाच्या कपड्यांपाशी. वडिलांचे टाय, आईच्या रेशमी चोळ्या देऊन टाकवत नाहीत आणि वापरलेही जात नाहीत. त्यांना कात्री लावावी की नाही, हे ज्याने-त्याने ठरवावे. घरातील सर्वांना विचारल्यावाचून मात्र ती लावू नये, कारण एकाला जुनेर वाटणारे वस्त्र दुसऱ्याची ठेव असू शकते. सर्वांची संमती मिळाली, तर टायचे टोक तसेच राखून मधल्या भागातूनच तुकडे घ्यावेत. वर्षभर कपाटात मिटून राहिलेला तो रंग मग दर ईस्टरला फांदीवर झुलेल आणि ज्या नातवंडाने आजोबांना पाहिलेही नाही, ते विचारील, ‘‘हा टाय कुणाचा ?’’