दहा हजारांत एक: जांभळ्या गारगोटीचा हिशेब

पांडवलेणी ज्या डोंगरात कोरली आहेत तो काळा कातळ आणि 1,567 मीटर उंचीच्या साल्हेरचा माथा, दोन्ही एकाच लाव्ह्याचे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनला भेगा पडल्या आणि 1,100 अंश सेल्सिअसहून तापलेला रस थरावर थर ओतत राहिला. बहुतेक काम 10 लाख वर्षांच्या आत उरकलं. एका अंदाजाने तो सगळा मिळून 10 लाख घनकिलोमीटर भरला असावा. आजच्या महाराष्ट्रावर तो सारखा पसरला, तर थर सव्वातीन किलोमीटर जाडीचा होईल, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. झिजून झिजून आज उरलेला दगडच 5 लाख चौरस किलोमीटर व्यापून आहे.

लाव्हा निवताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे लाखो-कोट्यवधी वर्षं खडकात मुरलेलं गरम पाणी सिलिका विरघळवून या पोकळ्यांत आणून सोडत राहिलं. खाणीत असा गोटा फुटला की आतली उतरंड दिसते: कडेला हिरवट साय, मग अकीकाचे पट्टे, आणि मध्ये टोकं आत वळवून उभे असलेले स्फटिक. क्वचित ही टोकं जांभळी निघतात. तोच अ‍ॅमेथिस्ट. नीट पाहिलं तर बुडाशी स्फटिक पांढुरका असतो, रंग बहुधा टोकाकडे गडद होत जातो. जालना, जळगाव भागातल्या पोकळ्यांत तो सापडतो. सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं ‘गारगोटी’ संग्रहालय अशाच पोकळ्यांतल्या खनिजांसाठी नावाजलेलं आहे.

अ‍ॅमेथिस्ट म्हणजे मुळात क्वार्ट्‌झ, साधी गारगोटी. काठिण्य 7, घनता 2.65, सगळं तेच. 5 कॅरेटचा, म्हणजे 1 ग्रॅमचा खडा घेतला, तर त्यात सिलिकॉनचे अणू 1 वर 22 शून्यं इतके. सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसलात, तर विश्वाच्या 1,380 कोटी वर्षांच्या वयाच्या 23 हजार पट वेळ लागेल.

या गर्दीत काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी लोखंडाचा अणू बसलेला असतो. भोवतालच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, लोखंडाची रेलचेल, पण स्फटिक त्याला फार थोडा थारा देतो: दर 10 लाखांमागे काही दहा ते काही शे. 100 धरले, तरी दहा हजारांत एक.

नुसत्या लोखंडाने जांभळा रंग येत नाही. खडकातल्या पोटॅशियमचा अगदी थोडा भाग, 10 लाखांत 117 अणू, किरणोत्सारी असतो, आणि तो निम्मा व्हायला 125 कोटी वर्षं लागतात. इतक्या सावकाश सुटणारे गॅमा किरण युगानुयुगं लोखंडाच्या अणूंचे इलेक्ट्रॉन हलवतात, तेव्हा कुठे रंग चढतो. उतरायला मात्र वेळ लागत नाही. 400-500 अंशांच्या भट्टीत खडा थोड्या वेळात पिवळा पडतो. बाजारातलं बरंचसं सिट्रीन, म्हणजे पिवळी गारगोटी, असंच भाजलेलं असतं.

एके काळी हा जांभळा खडा माणकाच्या तोलाचा मानत. एकोणिसाव्या शतकात ब्राझील आणि उरुग्वेतल्या, दख्खनसारख्याच पण 13 कोटींहून जास्त वर्षं जुन्या बेसाल्टमध्ये त्याचे साठे सापडले आणि भाव कोसळला. उरुग्वेतला एक गोटा 3.27 मीटर उंच आणि अडीच टनांचा आहे, सध्या ऑस्ट्रेलियात.

आता वजनाचं बघा. दहा हजारांत एक या हिशेबाने 1 ग्रॅम खड्यातलं लोखंड भरतं मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी. रत्नांच्या काट्यावरचा 0.01 कॅरेट हा आकडा म्हणजे 2 मिलिग्रॅम. हे लोखंड त्याच्या जेमतेम विसाव्या भागाइतकं. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या काट्याला न कळणाऱ्या भेसळीचे. बाकी सगळी गारगोटी.