हौशी सी.एन.सी. यंत्रास राउटर कोणता घ्यावा?

सी.एन.सी. म्हणजे संगणकाच्या आज्ञेने चालणारे यंत्र. कारखान्यांतून निघून ते आता हौशी माणसाच्या पडवीतही येऊन बसले आहे. त्यावर कटर फिरविणारी जी मोटर, तिला राउटर म्हणतात. घरात इंटरनेट पुरविणारी त्याच नावाची पेटी ती निराळी. राउटर घेताना बहुतेकांची दृष्टी वॅटच्या आकड्यावर जाते. आमचीही गेली होती. आता आम्ही प्रथम विचारतो ते हे, की याचे फेरे कमीत कमी किती करता येतात?

आमचा पहिला राउटर ५३० वॅटचा होता. वेग एकच, मिनिटाला ३०,००० फेरे. यंत्राची चौकट हलकी; लाकडातून मिनिटाला १,००० मिलिमीटरपेक्षा अधिक वेगाने ती कटर नेऊ शकत नसे. दोन धारांचे कटर लावले की मिनिटाला ६०,००० वेळा धार लाकडाला लागणार. म्हणजे एकेका धारेच्या वाट्यास लाकूड आले जेमतेम ०.०१७ मिलिमीटर. एवढ्याशा कापात छिलका सुटत नाही, धार नुसती घासत राहते. छिलक्याबरोबर बाहेर पडावयाची उष्णता मग कटरातच साठते. सागवानी पाटीवर अक्षरे कोरताना कडा काळ्या पडल्या, ते आम्ही सोसले. पण एके संध्याकाळी भुशाच्या पिशवीत ठिणगी धुमसत होती, ती केवळ वासावरून कळली. पडवीला लागूनच निजण्याची खोली होती.

त्यानंतर आम्ही ७१० वॅटचा मकिटा आर.टी. ०७०० घेतला. त्याचे फेरे १०,००० ते ३०,०००पर्यंत बदलता येतात. १०,०००वर तेच कटर त्याच चालीने प्रत्येक धारेस ०.०५ मिलिमीटर लाकूड घेते, आणि पिठासारख्या भुशाऐवजी किसासारखे छिलके पडतात. मात्र फेरे उतरविले की जोरही उतरतो. एका फेरीत दोन मिलिमीटरहून अधिक खोल आम्ही जात नाही. नवा राउटर न घेता एकाच धारेचे कटर लावले असते तरी निम्मे दुखणे गेले असते, हे आम्हांस मागाहून सुचले!

कॉलेट, म्हणजे कटरची दांडी आवळणारी पकड, दांडीच्या मापाचीच हवी. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, तीत सहा मिलिमीटरची दांडी बसल्यासारखी वाटते, पण कामात डगमगते. राउटरच्या मोटरीतील कार्बन ब्रश झिजतात. एक जोड घरात ठेवावा.

पाण्याने थंड होणाऱ्या २.२ किलोवॅटच्या स्पिंडलचा मोह आम्हांसही झाला. आवाज फार कमी, ब्रशची कटकट नाही. पण पाच किलोच्या आसपास वजन, वेगळा वेगनियंत्रक, पाण्याचा पंप, पक्के अर्थिंग! आमची चौकट ते वजन पेलणार नाही. तूर्त ते पैसे आम्ही चौकट भक्कम करण्यात घातले आहेत.

भुशाची पिशवी मात्र काम संपताच अंगणात नेतो, मोकळ्या जागी रिती करतो, आणि वर तांब्याभर पाणी शिंपडतो.