गुणांच्या गावी आजी-आजोबा

लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरे आज परीक्षेच्या तयारीसाठी ओळखली जातात. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून पुढे आलेला ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला. नांदेडच्या शिकवणी वर्गांकडेही आसपासच्या जिल्ह्यांतील मुले येतात. आई-वडील शेती वा नोकरीमुळे गावी राहतात आणि कित्येक घरांतील आजी किंवा आजोबा नातवंडासोबत भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड करतात. जेवणखाण, झोप आणि नातवंडाचे मन, हे सारे मग त्यांच्याच हाती येते. त्यांना रोज पडणाऱ्या तीन प्रश्नांचा येथे विचार करू.

गुणांविषयी कसे विचारावे?

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलेल्या उत्तराचा १ गुण वजा होतो. म्हणजे दहा उत्तरे चुकली, की पदरात पडू शकणारे ४० गुण जातात आणि वर १० कापले जातात. म्हणूनच अभ्यास नीट चालू असतानाही सराव परीक्षेचे गुण खालीवर होतात. एका आकड्यावरून मुलाची पारख करू नये. मराठीत परीक्षेचे गुण आणि माणसाचे गुण यांना शब्द एकच असला, तरी त्यांची मापे निराळी आहेत. मूल दारात येताच ‘किती पडले?’ असे विचारण्याऐवजी ‘वाढू का जेवायला?’ असे विचारावे. पोटात दोन घास गेले, की गुण ते स्वतःच सांगते.

एका चिन्हाने काय बिघडते?

जुन्या मोडी कागदपत्रांत विरामचिन्हे नसत. शब्दही सलग लिहिले जात. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवरील विरामचिन्हे मराठीत रूढ केली. आज मोबाइलवरील निरोपांत ती पुन्हा गळू लागली आहेत. गावाकडून आलेला ‘अभ्यास झाला नाही’ हा निरोप मुलाला ठपक्यासारखा वाटतो. ‘अभ्यास झाला नाही?’ यात निदान उत्तराला जागा असते. बोलतानाही हेच खरे. आवाज चढला, की प्रश्नाचा आरोप होतो. विराम म्हणजे थांबणे. विचारल्यावर आपण थांबावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.

मैत्रीत वेळ वाया जातो का?

क्रमवारी लागली, की शेजारच्या बाकावरचा सोबती स्पर्धक वाटू लागतो. परंतु अडलेले गणित समजावणारा आणि घरची आठवण आली असता सोबत बसणारा तोच असतो. आठवड्यातून एकदा त्याला जेवायला बोलवावे. ‘त्याला किती पडले?’ ही तुलना मात्र टाळावी.

मैत्रीची गरज वडीलधाऱ्यांनाही असते. परक्या शहरात दिवसभर खोलीत बसून राहिल्यास गुडघे आखडतात, मन उदास होते. रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी वेळेवर घ्यावी. नांदेडचा गोदाकाठ असो वा लातूरच्या सिद्धेश्वर मंदिराचा परिसर, सायंकाळी समवयस्कांसोबत थोडे चालावे. आपले मन प्रसन्न असेल, तरच मुलाला आधार देता येतो.

केव्हा सावध व्हावे?

झोप वा भूक बदलणे, मित्रांना टाळणे, सतत चिडणे किंवा रडणे असे दोन आठवडे चालले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे मूल बोलले, तर ते बोलणे थट्टेवारी नेऊ नये, त्याला एकटे सोडू नये, आई-वडिलांना तत्काळ बोलावून घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तो दिवसरात्र सुरू असतो. या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तो मोठ्या अक्षरांत लिहून खोलीच्या भिंतीवर लावून ठेवावा.