संगणक प्रणालींची परस्पर जोडणी : स्वस्त कशास म्हणावे?

रुग्णालयाचे संगणकीकरण झाले असताना केवळ ‘जोडणी’च्या सॉफ्टवेअरसाठी पुन्हा वेगळी तरतूद कशासाठी, अशी पृच्छा काही सभासद व देणगीदारांनी केली आहे. ती रास्त असल्याने येथे थोडे सविस्तर विवेचन करीत आहे.

नोंदणी व बिलिंग, प्रयोगशाळा, क्ष-किरण विभाग, औषध भांडार आणि लेखा विभागातील टॅली या प्रणाली बहुधा निरनिराळ्या विक्रेत्यांच्या असतात. त्या एकमेकींना माहिती देत नाहीत तेथे माणसाला मध्ये बसावे लागते. तो एका पडद्यावरील आकडा वाचून दुसऱ्या संगणकावर टंकतो. हिमोग्लोबिन ८.९ ऐवजी ९.८ टंकले गेले तर कोणाच्याही लक्षात येणार नाही, कारण दोन्ही आकडे संभवनीय आहेत.

धर्मादाय रुग्णालयापुरता आणखी एक मुद्दा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, तसेच बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. बिले एका प्रणालीत आणि निधीचे खाते दुसरीकडे असेल, तर शिल्लक किती हे महिनाअखेरीस ताळा जमल्यावरच समजते. वैद्यकीय समाजसेवकाला मात्र ते रुग्ण दारात उभा असताना समजावयास हवे. माझ्या मते या खर्चाचे सर्वांत मोठे समर्थन हेच होय.

आता निवडीविषयी. आठ प्रणाली परस्परांशी थेट जोडावयाच्या तर जास्तीत जास्त २८ जोडण्या होतात. मध्ये एक मध्यस्थ सॉफ्टवेअर ठेवल्यास आठच पुरतात. मात्र दोन-तीनच प्रणाली असणाऱ्या लहान रुग्णालयाने मध्यस्थाच्या भानगडीत पडू नये. साधी थेट जोडणी त्यास पुरेशी आहे.

दरपत्रकातील पहिला आकडा हा खर्चाचा लहानसा भाग असतो. प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्राच्या जोडणीचे शुल्क वेगळे, वार्षिक देखभाल वेगळी, आणि एखाद्या प्रणालीची आवृत्ती बदलली की जोडणीच्या दुरुस्तीचा आकार वेगळा. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहेच. आपली आरोग्यसेवा या करातून मुक्त असल्याने खरेदीवर भरलेल्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही. एक लाखाचे सॉफ्टवेअर एक लाख अठरा हजारांनाच पडते. म्हणून तुलना पाच वर्षांच्या एकूण खर्चाची करावी.

मग मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर का घेऊ नये? अवश्य घ्यावे, पण डोळे उघडे ठेवून. मिर्थ कनेक्ट हे रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे मध्यस्थ सॉफ्टवेअर अनेक वर्षे मुक्तस्रोत होते. २०२५ मध्ये आवृत्ती ४.६ पासून ते केवळ सशुल्क परवान्यावर देण्यात येऊ लागले. तथापि आधीच्या आवृत्तीची संहिता खुली असल्याने तिच्यावरून ओपन इंटिग्रेशन इंजिन हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहू शकला. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या ग्राहकास अशी वाट उरत नाही. छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात आकारास आलेली ‘बाह्मनी’ ही प्रणालीही अभ्यासण्याजोगी आहे. तिच्यात रुग्णनोंदी, प्रयोगशाळा व हिशेब यांसाठी तीन स्वतंत्र मुक्तस्रोत प्रणाली सांधलेल्या आहेत. परवाना फुकट असला तरी ती सांभाळणाऱ्या जाणकाराचा पगार फुकट नसतो, हे अंदाजपत्रकात धरलेच पाहिजे.

विक्रेत्याकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. माहितीची देवाणघेवाण एचएल-७ अथवा एफएचआयआर या खुल्या मानकांनुसार होईल, ही पहिली. करार संपल्यावर सर्व नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात, जादा आकार न घेता परत मिळतील, ही दुसरी. या दुसऱ्या अटीवर जो विक्रेता टाळाटाळ करील, त्याचे दरपत्रक कितीही कमी असले तरी बाजूला ठेवावे.

सर्व जोडण्या एकाच वेळी हाती घेऊ नयेत. प्रथम प्रयोगशाळेतील सर्वाधिक चाचण्या करणारे यंत्र जोडावे आणि महिनाभर हाताने लिहिलेली नोंदवही समांतर चालू ठेवावी. त्यानंतर बिलिंग व टॅली. क्ष-किरण विभागातील आधुनिक यंत्रे डायकॉम या समान मानकानुसारच प्रतिमा पाठवीत असल्याने ते काम शेवटी घेतले तरी चालते.