ग्रॉस टन नेमकं काय मोजतो?

आज आपण ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ हे जहाज घेऊ. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलेलं, २००९ साली पूर्ण झालेलं. लांबी सुमारे ३६० मीटर, आकार सव्वादोन लाख ग्रॉस टन. टन म्हटलं की आपल्याला वजन आठवतं. पण ग्रॉस टन हे वजन नव्हेच. जहाजातल्या बंदिस्त जागेवरून काढलेला तो आकडा आहे.

एवढं धूड बांधतात कसं? तुकड्यातुकड्यांनी. पोलादाचे प्रचंड भाग आधी वेगवेगळे तयार करायचे, मग क्रेनने गोदीत आणून वेल्डिंगने सांधायचे. खोल्यासुद्धा न्हाणीघरासकट बाहेर तयार होतात आणि ड्रॉवरसारख्या आत सरकवतात.

बाल्टिकमधून बाहेर पडताना डेन्मार्कचा ग्रेट बेल्ट पूल आडवा आला. पुलाखाली मोकळीक ६५ मीटर, जहाजाची पाण्यावरची उंची ७२. मग धुराडी आत ओढली आणि वेग वाढवला, कारण उथळ पाण्यात वेगात जाणारं जहाज जरा खाली बसतं. निसटतं पार झालं!

अशा जहाजाला लोक ‘तरंगतं नगर’ म्हणतात. पाहुणे सहा हजारांपर्यंत, राबणारे दोन हजारांवर. क्रूझवर जाणारी गोव्याची मुलंही पुष्कळ. तिकडे त्यांना ‘तारवटी’ म्हणतात. जहाजावर झेंडा बहामाचा. कर्मचारी महिनोन्‌महिने घराबाहेर, बहुतेक खालच्या डेकवर, एका खोलीत दोघं. मग या नगराचे नागरिक कोण? आठवड्याभराचे पाहुणे, की हे?

ग्रॉस टन जागा मोजतो. ती कोणाच्या वाट्याला किती येते, हे मात्र आपल्यालाच विचारावं लागतं.