नवी प्रणाली घातली, बॅटरी का बसली?

मिरची व गुळाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या गडहिंग्लजमध्ये आता चोपडीशेजारी लॅपटॉपही दिसतो. विंडोज 10 च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद झाल्या. त्यामुळे दुकानदार विंडोज 11 घालून घेतात, आणि मग बॅटरी टिकेनाशी झाली की प्रणाली घालून देणाऱ्याशी वाद होतो.

ही तक्रार जुनीच आहे. ऑक्टोबर 2009 मध्ये विंडोज 7 आली, तेव्हा ती बॅटरी बदलण्याचा इशारा देऊ लागली. लोकांनी प्रणालीला दोष दिला. फेब्रुवारी 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टने खुलासा केला की, बॅटऱ्या आधीच झिजल्या होत्या. क्षमता मूळच्या 40 टक्क्यांखाली गेली की हा इशारा येई. आधीच्या विंडोजमध्ये ही सोय नव्हती.

म्हणून आम्ही सुचवतो, भांडण्याआधी तपासा. सुरुवातीचे काही दिवस नवी प्रणाली फायलींची सूची करते, अपडेट उतरवते. तेवढे दिवस बॅटरी जास्त खर्च होणारच. त्यानंतरही फरक पडला नाही, तर विंडोजमधील बॅटरी रिपोर्ट काढून घ्या. समजा, मूळ क्षमता 45,000 मिलिवॉट-तास आहे आणि पूर्ण चार्ज 17,000 च भरतो, तर बॅटरीच संपली आहे. 40,000 भरत असेल, तर ड्रायव्हर व सेटिंग पाहा. नव्या बॅटरीचा खर्च वाचेल. बॅटरी फुगली असेल, तर मात्र वापर तात्काळ थांबवा.

पोते तोलल्याशिवाय भाव न ठरवणाऱ्या व्यापाऱ्याने बॅटरीही आधी तोलून पाहावी.