फोटोशॉपची नवी आवृत्ती: पैसे कधी मोजावेत?

राळेगावसारख्या तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओचा धंदा लग्नसराईवर चालतो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात, उन्हाळ्यात झुंबड उडते आणि चातुर्मास लागला की उरतात पासपोर्ट फोटो. सॉफ्टवेअरचा खर्चही याच वर्षचक्रावर तोलायला हवा.

गैरसमज: नव्या आवृत्तीने फोटो जास्त चांगले येतात.
वस्तुस्थिती: लेव्हल्स, कर्व्हज, लेयर्स ही रोजची साधने जुन्या फोटोशॉपमध्येही आहेत. १२ बाय ३६ इंचांचे अल्बमचे पान ३०० डीपीआयला ३६०० बाय १०८०० पिक्सेलचेच असते, आवृत्ती कोणतीही असो. नव्या आवृत्तीत वाचतो तो वेळ: नवरानवरीचे कटिंग, मागचा नको असलेला माणूस काढणे. त्यातही जनरेटिव्ह फिल अ‍ॅडोबीच्या सर्व्हरवर चालते. इंटरनेट गेले की ते काम थांबते.

गैरसमज: कॅमेरा नवा, म्हणजे सॉफ्टवेअरही नवे लागणारच.
वस्तुस्थिती: जेपीईजी कुठेही उघडते. अडचण येते ती रॉ फाइलची. जुने सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याची रॉ ओळखत नाही. त्यासाठी अ‍ॅडोबीचाच डीएनजी कन्व्हर्टर मोफत मिळतो.

गैरसमज: दरमहा पैसे भरतो, म्हणजे पावसाळ्यात बंद करता येईल.
वस्तुस्थिती: कायमचे विकत मिळालेले शेवटचे फोटोशॉप म्हणजे २०१२ चे सीएस६. २०१३ पासून नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात. वर्षाचा करार करून मासिक हप्ते भरत असाल आणि पहिल्या १४ दिवसांनंतर तो मोडलात, तर उरलेल्या हप्त्यांची निम्मी रक्कम द्यावी लागते. खरी महिन्याची योजना महाग दिसते, पण तीन-चार महिनेच काम असेल तर तीच स्वस्त पडू शकते. दोन्हींची बेरीज करून पाहा.

गैरसमज: फुकटचे ते कामाचे नाही.
वस्तुस्थिती: गिंप १९९६ पासून आहे, रॉसाठी डार्कटेबल आहे आणि ऑक्टोबर २०२५ पासून अ‍ॅफिनिटीही मोफत झाले. मात्र अल्बमच्या तयार पीएसडी टेम्प्लेटमधले इफेक्ट तिथे बिघडू शकतात. आधी आपलीच दोन-चार टेम्प्लेट उघडून पाहावीत.

गैरसमज: गावात क्रॅक कोण तपासतो?
वस्तुस्थिती: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ६३ब गावालाही लागू आहे. जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते; स्टुडिओवाल्याला ती सवलत नाही.

मग पैसे कधी मोजावेत? एका सीझनभर वहीत टिपा, वेळ कुठे जातो. तासन्‌तास कटिंगमध्ये जात असतील, तर वर्गणी वसूल होईल. फाइल उघडायलाच वेळ लागत असेल, तर आधी रॅम वाढवा. आणि ग्राहक अल्बमसाठी ताटकळत असतील ते निवड कळवायला स्वतःच उशीर करतात म्हणून, तर कोणतीही आवृत्ती घेऊन उपयोग नाही.